फ्रेझल व्हर्बनंतर कुठलं प्रेपोझिशन? वाक्य बांधण्याचा क्रम, टप्प्याटप्प्याने

'आय ॲम लूकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' 'आय कॅन्ट कोप अप विथ द वर्क.' 'द मिल्क हॅज रन आऊट ऑफ.' तिन्ही वाक्यांत काय म्हणायचंय ते कळतं, पण तिन्ही चुकीची आहेत. लिहिणाऱ्याला फ्रेझल व्हर्बचे, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आऊट' असे छोटे शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांचे, अर्थ पाठ असतात. त्या क्रियापदासोबत कुठलं प्रेपोझिशन ('टू', 'विथ', 'ऑन' यांसारखा शब्द) येतं, कर्म कुठे बसतं आणि पुढे कुठलं रूप लागतं, हे मात्र त्याने कधी नोंदलेलं नसतं. यादी घोकून ही चूक सुटत नाही. वाक्य ठरावीक क्रमाने बांधलं आणि प्रत्येक पायरीवर तपासलं, तर सुटते. तो क्रम इथे दिला आहे.

## तयारी: वहीत अर्थ नको, साचा लिहा

आधी तीन तुकडे वेगळे ओळखा. 'पुट अप विथ'मध्ये 'पुट' हे क्रियापद, 'अप' हे पार्टिकल आणि 'विथ' हे प्रेपोझिशन. पार्टिकल क्रियापदाला चिकटून त्याचा अर्थ बदलतं. प्रेपोझिशन पुढच्या नामाला किंवा सर्वनामाला धरून ठेवतं. घोळ होतो तो यामुळे की 'अप', 'ऑन', 'इन', 'ओव्हर', 'ऑफ' (off) हे शब्द दोन्ही कामं करतात. शब्द पाहून काम ओळखता येत नाही, वाक्य पाहावं लागतं.

वहीत 'पुट अप विथ = सहन करणे' असं लिहू नका. असं लिहा:

- पुट अप विथ + कोणीतरी / काहीतरी
- लूक फॉरवर्ड टू + नाम किंवा -इंग रूप
- पुट + काहीतरी + डाउन टू + कारण
- टर्न + काहीतरी + डाउन, किंवा टर्न डाउन + काहीतरी

साच्यात रिकामी जागा कुठे आहे ते दिसतं, आणि चुका त्या जागेवरच होतात.

शब्दकोश निवडताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला घ्या. त्यात 'एसबी' म्हणजे समबडी आणि 'एसटीएच' म्हणजे समथिंग असे संक्षेप असतात. ते नुसती सजावट नाहीत, कर्माची जागा तेच सांगतात. काही शब्दकोश कर्म आणि पार्टिकल यांच्यामध्ये दुहेरी बाण छापतात. त्याचा अर्थ, कर्म दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला चालेल. अशा शब्दकोशात बाण नसेल तर जागा बदलायची नाही.

शंका राहिली तर कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा संग्रह, वापरा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्दांचा मजकूर आहे. कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिशमध्ये 100 कोटींहून अधिक. शोधताना अनोळखी शब्दाच्या जागी तारांकन टाका, म्हणजे त्या जागी प्रत्यक्षात काय येतं याची यादी मिळते. 'कॅच अप' लिहून पुढे तारांकन टाकलं की 'विथ', 'ऑन', 'टू' अशी प्रेपोझिशन्स किती वेळा येतात ते समोर दिसतं. पहिली 15–20 वाक्यं तरी वाचा. नुसता आकडा पाहिला तर अर्थातला फरक निसटतो.

## टप्पा 1: पार्टिकल की प्रेपोझिशन, हे ठरवा

पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत, म्हणून इथे वेळ घ्या. सर्वांत चांगली जोडी ही:

- ही रॅन अप द हिल. (तो टेकडी धावत चढला.)
- ही रॅन अप अ बिल. (त्याने बिल वाढवून ठेवलं.)

दिसायला सारखी, बांधणी मात्र वेगळी. पहिल्यात 'अप' हे प्रेपोझिशन आहे, दुसऱ्यात पार्टिकल. हे ओळखायच्या चार कसोट्या आहेत.

सर्वनामाची कसोटी. नामाच्या जागी 'इट' ठेवा. 'ही रॅन अप इट' हे टेकडीसाठी बरोबर. बिलासाठी 'ही रॅन इट अप' म्हणावं लागतं. सर्वनाम मध्ये शिरत असेल तर तो शब्द पार्टिकल आहे. मागेच राहत असेल तर प्रेपोझिशन.

क्रियाविशेषणाची कसोटी. क्रियापदाच्या लगेच पुढे 'क्विकली' किंवा 'केअरफुली' घाला. 'ही रॅन क्विकली अप द हिल' चालतं. 'ही रॅन क्विकली अप अ बिल' चालत नाही. त्याचप्रमाणे 'शी लूक्ड केअरफुली ॲट द मॅप' बरोबर, 'शी लूक्ड केअरफुली अप द वर्ड' चूक. पार्टिकल क्रियापदापासून असं तोडता येत नाही.

पुढे आणण्याची कसोटी. 'अप विच हिल डिड ही रन?' हे पुस्तकी वाटेल, पण व्याकरणात बसतं. 'अप विच बिल डिड ही रन?' हे बसतच नाही. प्रेपोझिशन प्रश्नाच्या सुरुवातीला येऊ शकतं, पार्टिकल येऊ शकत नाही.

आघाताची कसोटी. 'द वर्ड आय लूक्ड अप' म्हणताना जोर 'अप'वर येतो. 'द मॅप आय लूक्ड ॲट' म्हणताना तो 'लूक्ड'वर राहतो आणि 'ॲट' हलकं पडतं. ही कसोटी कान तयार झाल्यावरच भरवशाची. 'ओव्हर', 'आफ्टर' यांसारख्या दोन अक्षरी प्रेपोझिशन्सच्या बाबतीत ती फसवतेही.

लिहिताना एकच वापरायची असेल तर सर्वनामाची कसोटी वापरा. ती सर्वांत कमी फसवते.

> सावध: एकाच जोडीचे दोन अर्थ असतील तर कसोटी प्रत्येक अर्थासाठी वेगळी करा. 'शी टर्न्ड ऑन द लाइट'चं 'शी टर्न्ड इट ऑन' होतं. 'द डॉग टर्न्ड ऑन द मॅन', म्हणजे कुत्रा त्या माणसावर उलटला, याचं मात्र 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' होतं.

## टप्पा 2: कर्माची जागा पक्की करा

पार्टिकल असेल आणि क्रियापद सकर्मक असेल, तर:

1. कर्म छोटं नाम असेल तर दोन्ही जागा चालतात. 'टर्न डाउन द ऑफर', 'टर्न द ऑफर डाउन'.
2. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येतं. 'टर्न इट डाउन'. 'टर्न डाउन इट' ही चूक ऐकणाऱ्याला लगेच खटकते.
3. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा. 'शी टर्न्ड डाउन द ऑफर दॅट दे हॅड मेड लास्ट वीक'. पार्टिकल दहा शब्दांनंतर आलं, तर वाचणारा तोवर वाक्याचा धागा विसरलेला असतो.

प्रेपोझिशन असेल तर कर्म नेहमी त्याच्यामागेच येतं, मग ते नाम असो की सर्वनाम. 'लूक आफ्टर देम', 'लूक इनटू इट', 'डील विथ इट'.

पार्टिकल आणि प्रेपोझिशन दोन्ही असतील, तरीही कर्म शेवटी. 'आय कॅन्ट पुट अप विथ हिम'. 'पुट हिम अप विथ' असं होत नाही. आणि शेवटचं 'विथ' गाळलं, तर वाक्य अर्धवट राहत नाही, त्याचा अर्थच बदलतो. 'वी पुट हिम अप' म्हणजे आम्ही त्याची राहायची सोय केली.

> तपासा: कर्माच्या जागी 'इट' किंवा 'हिम' ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. नाम असताना झाकलेली चूक सर्वनाम आलं की उघडी पडते.

## टप्पा 3: क्रियापदाला कर्म पेलतं का ते पाहा

बऱ्याच फ्रेझल व्हर्ब्ज अकर्मक असतात. 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणं. 'शी गेव्ह इन' हे पूर्ण वाक्य आहे. कुणापुढे नमतं घेतलं हे सांगायचं, तर प्रेपोझिशन आणावं लागतं: 'शी गेव्ह इन टू देअर डिमांड्स'. म्हणजे 'टू' हा शब्द फक्त कर्म आणायचं असेल तेव्हाच येतो. अशा काही जोड्या:

- ब्रेक अप: 'दे ब्रोक अप.' / 'शी ब्रोक अप विथ हिम.'
- ड्रॉप आऊट: 'ही ड्रॉप्ड आऊट.' / 'ही ड्रॉप्ड आऊट ऑफ कॉलेज.'
- कीप अप: 'स्लो डाउन, आय कॅन्ट कीप अप.' / 'आय कॅन्ट कीप अप विथ यू.'
- बॅक आऊट: 'दे बॅक्ड आऊट.' / 'दे बॅक्ड आऊट ऑफ द डील.'

चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी 'शी ब्रोक अप हिम' लिहितं, कुणी 'स्लो डाउन, आय कॅन्ट कीप अप विथ' म्हणून थांबतं. पुढे कर्म आहे की नाही, एवढंच विचारा. आहे, तर प्रेपोझिशन हवं. नाही, तर नको.

'रन आऊट'कडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे कर्ताही बदलतो. संपणारी वस्तू कर्ता असेल तर 'द मिल्क हॅज रन आऊट'. माणूस कर्ता असेल तर 'वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क'. मराठीत आपण 'दूध संपलं', 'वेळ संपला' म्हणतो, म्हणजे वस्तू कर्ता असते. त्याच सवयीने इंग्रजीतही वस्तू पुढे येते, आणि 'रन आऊट ऑफ' पाठ असल्यामुळे 'ऑफ' मागे लोंबकळत राहतं. 'ऑफ' लिहिलंत तर कर्ता ज्याच्याकडचं संपलं तो, आणि जे संपलं ते 'ऑफ'च्या पुढे.

सगळ्याच जोड्या इतक्या साध्या नसतात. 'गेट अवे' म्हणजे निसटणं, आणि 'गेट अवे विथ' म्हणजे चूक करूनही शिक्षा न होणं. 'गिव्ह अप' सकर्मक आहेच: 'ही गेव्ह अप शुगर'. 'गिव्ह अप ऑन'चा अर्थ वेगळा: 'हर टीचर्स नेव्हर गेव्ह अप ऑन हर', म्हणजे शिक्षकांनी तिच्याबद्दलची आशा सोडली नाही. अशा जोड्यांसाठी वहीत दोन स्वतंत्र नोंदी करा, एकाच ओळीत कोंबू नका.

## टप्पा 4: प्रेपोझिशन निवडा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यातल्या बऱ्याच मराठी प्रत्ययांवरून अंदाज बांधल्यामुळे. '-शी' म्हणजे 'विथ' हे पुष्कळदा जुळतं: कुणाशी जमणं 'गेट अलाँग विथ', कुणाशी बिनसणं 'फॉल आऊट विथ'. पण दांडग्या माणसाशी भिडणं हे 'स्टँड अप टू', आणि वास्तवाशी सामना करणं 'फेस अप टू'. 'बद्दल' म्हणजे 'अबाउट' हेही असंच फसतं: कुणाबद्दल आदर वाटणं हे 'लूक अप टू' आहे. 'साखर कमी करणं' यात मराठीत प्रत्ययच नाही, तरी इंग्रजीत 'कट डाउन ऑन शुगर' म्हणायला 'ऑन' लागतं. म्हणून मराठी वाक्यावरून प्रेपोझिशन ठरवायचं नाही.

काही कल मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

'आऊट'नंतर बहुधा 'ऑफ'. रन आऊट ऑफ, बॅक आऊट ऑफ, ड्रॉप आऊट ऑफ, ग्रो आऊट ऑफ. कशातून तरी बाहेर पडणं हा भाव असेल तर 'ऑफ' जवळपास नक्की. तो भाव नसेल तर थांबा: 'फॉल आऊट विथ', 'मिस आऊट ऑन', 'लूक आऊट फॉर'.

बरोबरी, सोबत किंवा निभावणं असेल तर 'विथ'. कीप अप विथ, कॅच अप विथ, गेट अलाँग विथ, पुट अप विथ, गो थ्रू विथ. 'कम अप विथ', म्हणजे कल्पना सुचणं, आणि 'डू अवे विथ', म्हणजे रद्द करणं, ही मात्र या भावात बसत नाहीत. ती तशीच पाठ करा.

कमी करणं, नजर ठेवणं, आधार घेणं किंवा अचानक गाठणं असेल तर 'ऑन'. कट डाउन ऑन, कट बॅक ऑन, चेक अप ऑन, फॉल बॅक ऑन, ड्रॉप इन ऑन. दिलेला शब्द मोडणं 'गो बॅक ऑन' आणि तुच्छ लेखणं 'लूक डाउन ऑन', हेही याच गटात ठेवा.

एखाद्या गोष्टीच्या दिशेने जाणं, तिला सामोरं जाणं किंवा तिच्या उंचीला पोचणं असेल तर 'टू'. लूक फॉरवर्ड टू, लिव्ह अप टू, फेस अप टू, ओन अप टू, गेट अराउंड टू. ब्रिटिश इंग्रजीत 'गेट राउंड टू' जास्त ऐकू येतं.

बाजू घेणं, भरपाई करणं किंवा नाव नोंदवणं असेल तर 'फॉर'. स्टँड अप फॉर, स्टिक अप फॉर, मेक अप फॉर, साइन अप फॉर.

आता पार्टिकलपर्यंत सगळं सारखं आणि फक्त प्रेपोझिशन वेगळं, अशा जोड्या. त्या शेजारी-शेजारी लिहून शिका. वेगवेगळ्या दिवशी शिकलात तर एक दुसरीला पुसून टाकते.

- स्टँड अप: 'फॉर' म्हणजे कुणाची तरी बाजू घेऊन उभं राहणं. 'टू' म्हणजे कुणाला तरी न घाबरता तोंड देणं. 'शी स्टूड अप टू द मॅनेजर' आणि 'शी स्टूड अप फॉर द मॅनेजर' यांचे अर्थ जवळजवळ उलट आहेत.
- कॅच अप: माणसाला गाठायचं किंवा त्याची खबरबात घ्यायची तर 'विथ'. राहिलेलं काम, वाचन किंवा झोप भरून काढायची तर 'ऑन'.
- मेक अप: नुकसान भरून काढायचं तर 'फॉर'. भांडणानंतर गोडी करायची तर 'विथ'.
- गेट बॅक: उत्तर कळवायचं तर 'टू'. सूड घ्यायचा तर 'ॲट'. कामाच्या पत्रात 'आय विल गेट बॅक ॲट यू' लिहिलंत, तर ती धमकी होते.
- कम अप: कल्पना सुचली तर 'विथ'. अडथळा समोर आला तर 'अगेन्स्ट'.
- ड्रॉप इन: माणसाकडे डोकवायचं तर 'ऑन'. जागी डोकवायचं तर 'ॲट'.
- वॉक आऊट: खोलीतून किंवा बैठकीतून निघून जायचं तर 'ऑफ'. माणसाला सोडून जायचं तर 'ऑन'.

एका फ्रेझल व्हर्बला दोन प्रेपोझिशन्स लागू शकतात, एक माणसासाठी आणि दुसरं कारणासाठी. 'ही फेल आऊट विथ हिज ब्रदर ओव्हर मनी', म्हणजे पैशांवरून त्याचं भावाशी बिनसलं. इथे 'विथ' आणि 'ओव्हर' यांची अदलाबदल करता येत नाही.

> सावध: नसलेलं पार्टिकल घुसवू नका. 'कोप अप विथ' असं काही नाही, 'कोप विथ' एवढंच. 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या शेजारी राहून ही चूक रुजली आहे. 'रिटर्न बॅक'मधलं 'बॅक' आणि 'डिस्कस अबाउट'मधलं 'अबाउट' हेही असेच उपरे. उलट 'लिसन मी' आणि 'वेट मी' यांत हवं ते प्रेपोझिशन गळलेलं असतं. 'लिसन टू मी' आणि 'वेट फॉर मी' म्हणा.

## टप्पा 5: प्रेपोझिशननंतरचं रूप

नियम एका ओळीचा: प्रेपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते -इंग रूपात येतं. 'कट डाउन ऑन स्मोकिंग', 'गेट अवे विथ चीटिंग', 'मेक अप फॉर बीइंग लेट'.

अडचण येते ती फक्त 'टू'मुळे, कारण 'टू' प्रेपोझिशन असतं तसंच 'टू गो', 'टू मीट' या रूपांचा भागही असतं. त्यात मराठी 'भेटायला उत्सुक'मधलं '-ायला' आपल्याला सरळ 'टू मीट'कडे नेतं. कसोटी सोपी आहे. 'टू'नंतर 'इट' ठेवून पाहा. 'आय ॲम लूकिंग फॉरवर्ड टू इट' बरोबर वाटतं, म्हणजे ते प्रेपोझिशन, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'आय वाँट टू इट' मोडतं, म्हणून 'टू मीट यू'. 'गेट अराउंड टू कॉलिंग', 'ओन अप टू ब्रेकिंग द विंडो', 'फेस अप टू लूझिंग' ही सगळी याच रांगेतली.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'गो ऑन टू'नंतर साधं रूपही येतं: 'शी वेंट ऑन टू स्टडी लॉ', म्हणजे पुढे तिने कायद्याचं शिक्षण घेतलं. 'शी वेंट ऑन स्टडीइंग' म्हणजे ती शिकतच राहिली. दोन्ही वाक्यं बरोबर, अर्थ वेगळे.

## टप्पा 6: दोन कर्मांचे साचे

काही साच्यांत एक कर्म मध्ये येतं आणि दुसरं प्रेपोझिशनच्या मागे.

- 'शी पुट द डिले डाउन टू बॅड प्लॅनिंग.' उशिराचं खापर तिने ढिसाळ नियोजनावर फोडलं.
- 'डोंट टेक युअर अँगर आऊट ऑन मी.' राग माझ्यावर काढू नकोस.
- 'दे लेट हिम इन ऑन द सीक्रेट.' त्यांनी त्याला गुपितात सामील करून घेतलं.
- 'वी टॉक्ड हर आऊट ऑफ रिझाइनिंग.' आम्ही समजावून तिचा राजीनाम्याचा विचार बदलला.

बांधताना आधी पहिलं कर्म, मग पार्टिकल, मग प्रेपोझिशन, मग दुसरं कर्म. पहिलं कर्म फार लांब असेल तर ते छोटं करा किंवा वेगळ्या वाक्यात आधी सांगा. कुठल्या कर्माला कुठली जागा, याची अदलाबदल हीच इथली मोठी चूक. 'पुट बॅड प्लॅनिंग डाउन टू द डिले' लिहिलंत की कारण आणि परिणाम उलटे झाले.

'गेट इट ओव्हर विथ' ही या घराण्यातली विचित्र व्यक्ती. नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं हा तिचा अर्थ. 'इट' मध्ये येतं आणि 'विथ'पुढे काहीच येत नाही. 'गेट ओव्हर इट' पूर्ण वेगळं आहे: दुःखातून किंवा धक्क्यातून सावरणं.

## टप्पा 7: प्रश्न, जोडवाक्यं आणि कर्मणी प्रयोग

वाक्य उलटंपालटं झालं की प्रेपोझिशन गळतं. ते शेवटी एकटं उभं राहिलेलं आपल्याला अपुरं वाटतं, पण इंग्रजीत ते तिथेच हवं असतं.

- 'व्हॉट डिड यू रन आऊट ऑफ?'
- 'द कलीग आय गेट अलाँग विथ.'
- 'द नॉइज इज हार्ड टू पुट अप विथ.'

औपचारिक लेखनात प्रेपोझिशन 'विच' किंवा 'हूम'च्या आधी नेतात, पण तीन शब्दांच्या फ्रेझल व्हर्बमध्ये हा खटाटोप करू नका. क्रियापद, पार्टिकल आणि प्रेपोझिशन विखुरले की वाक्य वाचवत नाही. औपचारिकच लिहायचं असेल तर क्रियापद बदला: 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट', 'डू अवे विथ'ऐवजी 'अबॉलिश'.

कर्मणी प्रयोगात तिन्ही तुकडे एकत्र राहतात: 'ही वॉज लूक्ड डाउन ऑन बाय हिज कलीग्स.' इथे 'ऑन' आणि 'बाय' लागोपाठ येतात. ती चूक नाही, त्यातलं एकही गाळू नका. 'गेट अलाँग विथ' आणि 'रन आऊट ऑफ' यांचा कर्मणी प्रयोग करू नका.

> तपासा: प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. 'व्हॉट डिड यू रन आऊट?' याचं उत्तर 'वी रॅन आऊट मिल्क' असं येतं, आणि 'ऑफ' गळल्याचं तिथेच दिसतं.

## टप्पा 8: लिहिताना जोडायचं की तोडायचं

'इन' हे पार्टिकल आणि 'टू' हे प्रेपोझिशन असेल तर ते दोन वेगळे शब्द: 'लॉग इन टू द अकाउंट', 'गिव्ह इन टू प्रेशर'. उच्चारात फरक नसल्यामुळे ते जोडून लिहिले जातात. 'ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. तेच 'इनटू' असं जोडलं, तर त्याने स्वतःला पोलीस बनवलं असा अर्थ निघतो. 'टू' काढून वाक्य उभं राहतं का ते पाहा. 'शी लॉग्ड इन' उभं राहतं, म्हणून तोडा.

फ्रेझल व्हर्बपासून बनलेली नामं जोडून किंवा मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात, क्रियापद मात्र तोडूनच. बहुतेक नामांसोबत मूळ प्रेपोझिशन टिकतं: 'क्रॅक डाउन ऑन'वरून 'अ क्रॅकडाउन ऑन'. पण 'फॉलो अप ऑन अ मीटिंग'वरून नाम होताना 'अ फॉलोअप टू अ मीटिंग' असं 'टू' येतं. नामाचा साचा वहीत वेगळा नोंदवा.

## टप्पा 9: बोलताना जोर कुठे

तीन शब्दांच्या फ्रेझल व्हर्बमध्ये ठळक आघात पार्टिकलवर असतो: 'पुट अप विथ', 'रन आऊट ऑफ', 'लूक फॉरवर्ड टू'. शेवटचं प्रेपोझिशन वाक्याच्या मध्ये असताना हलकं आणि झटकन म्हणायचं. तेच वाक्याच्या शेवटी आलं, की त्याचा स्वर पूर्ण उच्चारायचा: 'व्हॉट आर यू लूकिंग फॉरवर्ड टू?' यातलं 'टू' दाबायचं नाही. तिन्ही शब्दांवर सारखा जोर दिला, तर समोरच्याला त्यातलं एक क्रियापद वेगळं काढायला वेळ लागतो.

क्रियाविशेषण घालायचं असेल तर जागा पार्टिकल आणि प्रेपोझिशन यांच्यामध्ये आहे: 'दे गेट अलाँग वेल विथ देअर नेबर्स', 'शी हॅज कट डाउन ड्रास्टिकली ऑन शुगर'. क्रियापद आणि पार्टिकल यांच्यामध्ये ते घालू नका.

## टप्पा 10: सराव आणि शेवटची तपासणी

आठवड्याला 5 फ्रेझल व्हर्ब्ज पुरे. प्रत्येकीची चार वाक्यं लिहा: एक नाम घेऊन, एक सर्वनाम घेऊन, एक प्रश्न आणि एक 'द पर्सन आय…' किंवा 'द थिंग आय…' असं सुरू होणारं. चारही जमली तर साचा बसला. प्रश्नात अडलात तर टप्पा 7, सर्वनामात अडलात तर टप्पा 1 आणि 2 पुन्हा करा.

लिहिलेला मजकूर पाठवण्यापूर्वी त्यातल्या फ्रेझल व्हर्ब्ज अधोरेखित करा आणि प्रत्येकीला याच क्रमाने विचारा:

1. पुढे कर्म आहे का? असेल तर प्रेपोझिशन लागतं का?
2. सर्वनाम योग्य जागी आहे का?
3. प्रेपोझिशन शब्दकोशातून आलंय की मराठी प्रत्ययावरून?
4. 'टू'नंतर क्रियापद असेल तर 'इट'ची कसोटी केली का?
5. प्रश्नात किंवा जोडवाक्यात शेवटचं प्रेपोझिशन जागेवर आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला 'आठवत नाही' असं उत्तर आलं, तर शब्दकोश उघडा. ते वाक्य तोवर पाठवू नका.